विमान कंपन्यांना कोरोनाचा फटका आणि आपलं तिकीट: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात तिकिटांचा धंदा करणाऱ्याला २०२० पासून दोन प्रकारची माणसं प्रश्न विचारतात. एक, ज्यांचे पैसे अडकले ती. दुसरी, कॉमर्स आणि बीएमएसची मुलं, ज्यांना प्रोजेक्टला ‘महासाथ आणि विमान उद्योग’ हा विषय मिळालेला असतो. दोघांची उत्तरं इथे एकत्रच दिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: त्या दोन वर्षांतला तोटा नाहीसा झाला नाही, तो एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशाकडे ढकलला गेला. कोणाकोणाच्या, ते उत्तरांत येईलच.

विमानं नक्की कधीपासून कधीपर्यंत बंद होती?

आंतरराष्ट्रीय नियमित विमानं २२ मार्च २०२० पासून थांबली. देशांतर्गत विमानं २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद झाली आणि दोन महिन्यांनी, २५ मे २०२० ला सुरू झाली, तीही फक्त एक तृतीयांश क्षमतेने. मुंबईला तर राज्य सरकारने सुरुवातीला दिवसाला २५ उड्डाणं आणि २५ आगमनं एवढीच परवानगी दिली होती. मग क्षमता टप्प्याटप्प्याने ८० टक्क्यांपर्यंत गेली, दुसऱ्या लाटेत जून २०२१ मध्ये पुन्हा ५० वर आली आणि १८ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण सुटली.

परदेशी नियमित विमानांना मात्र २७ मार्च २०२२ उजाडावा लागला. मधल्या काळात ७ मे २०२० पासून परदेशात अडकलेल्यांना आणणारी ‘वंदे भारत’ची विमानं आणि जुलैपासून ‘एअर बबल’ची, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवलेल्या मर्यादित उड्डाणांची विमानं, एवढाच आधार होता.

विमान उडलंच नाही तर इंधनही वाचलं. मग एवढा तोटा कसला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि सगळं गणित याच्यातच आहे.

आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के. तो वाचला हे खरं. पण उरलेला बराचसा खर्च विमान उभं असलं तरी चालूच राहतो. आपल्या कंपन्यांची बहुतेक विमानं भाड्याची असतात. हे भाडं दर महिन्याला डॉलरमध्ये जातं. एका विमानाचं काही लाख डॉलर. शिवाय पगार, विमा, कर्जाचं व्याज, विमानतळावर उभं राहण्याचं शुल्क.

आणि विमान नुसतं उभं करून ठेवता येत नाही. इंजिनांची तोंडं झाकायची, सेन्सरच्या नळ्या बंद करायच्या, चाकं फिरवून घ्यायची, ठरावीक दिवसांनी तपासणी करायची. वैमानिकांचंही तसंच. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, म्हणजे सिम्युलेटरचा खर्च आला.

गंमत अशी, की कच्चं तेल तेव्हा कमालीचं स्वस्त झालं होतं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतला वायदा भाव चक्क शून्याच्या खाली गेला. पण स्वस्त तेल भरणार कशात? ज्या परदेशी कंपन्यांनी आधीच चढ्या भावाने इंधनाचे वायदे केले होते, त्यांना तर न वापरलेल्या तेलापायी भुर्दंड बसला.

याहूनही मोठं कारण वेगळं आहे. विमान कंपनी तुमच्या आगाऊ पैशांवर चालते. मे महिन्याच्या सुट्टीचं तिकीट तुम्ही जानेवारीत काढता, आणि ते पैसे कंपनी फेब्रुवारीचे पगार द्यायला वापरते. २०२० मध्ये लग्नाच्या हॉलवाल्यांचं काय झालं ते ठाण्यात सगळ्यांनी पाहिलंय: नवीन बुकिंग थांबलं आणि जुने अॅडव्हान्सवाले दारात येऊन उभे राहिले. कंपन्यांचं अगदी तेच झालं, फक्त आकडा हजारो कोटींचा. एप्रिल ते जून २०२० या एका तिमाहीत इंडिगोने २,८४४ कोटींचा तोटा दाखवला, आणि इंडिगो ही आपल्याकडची सगळ्यात धडधाकट कंपनी.

जगभरात मिळून किती नुकसान झालं?

२०१९ मध्ये जगात सुमारे ४५० कोटी प्रवासी विमानाने गेले, २०२० मध्ये सुमारे १८० कोटी. विमान कंपन्यांची जागतिक संघटना ‘आयाटा’च्या हिशेबाने २०२० चा निव्वळ तोटा जवळजवळ १३,८०० कोटी डॉलर. २०१९ ची प्रवासी पातळी पूर्ण वर्षभरासाठी मागे टाकायला जगाला २०२४ उजाडलं.

आणि भारतात? प्रोजेक्टसाठी आकडे हवेत.

देशांतर्गत प्रवासी: २०१९ मध्ये १४.४१ कोटी, २०२० मध्ये ६.३० कोटी, २०२१ मध्ये ८.३८ कोटी, २०२२ मध्ये १२.३२ कोटी आणि २०२३ मध्ये १५.२० कोटी. म्हणजे प्रवासी परत यायला चार वर्षं लागली.

सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२०-२१ या आर्थिक वर्षात भारतीय विमान कंपन्यांचा तोटा सुमारे १९,५६४ कोटी आणि विमानतळांचा ५,११६ कोटी रुपये. मुंबई विमानतळाचे प्रवासी २०१९-२० मध्ये साडेचार कोटींच्या वर होते, पुढच्या वर्षी ते १.१ कोटीवर आले. टर्मिनल १ तर मार्च २०२१ मध्ये उघडलं, एप्रिलमध्ये बंद झालं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडलं.

प्रोजेक्टवाल्यांना एक सूचना: कॅलेंडर वर्ष आणि आर्थिक वर्ष यांची सरमिसळ करू नका. मार्कं तिथेच जातात.

आपल्या सरकारने कंपन्यांना पैसे का दिले नाहीत? बाहेर तर दिले.

बाहेर दिले, आणि सढळ हाताने दिले. अमेरिकेने प्रवासी कंपन्यांना फक्त पगारांसाठी २,५०० कोटी डॉलर दिले. जर्मनीने लुफ्थान्साला ९०० कोटी युरोंचं पॅकेज दिलं. सिंगापूर एअरलाइन्सला तर देशांतर्गत मार्गच नाहीत, तिच्यामागे तेमासेक ही सरकारी मालकीची गुंतवणूक कंपनी उभी राहिली.

आपल्याकडे खासगी कंपन्यांपैकी कोणालाच थेट रोकड मिळाली नाही. मे २०२१ मध्ये विमान वाहतुकीला सरकारी हमीच्या कर्ज योजनेत घेतलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंपनीची मर्यादा १,५०० कोटींपर्यंत वाढवली. म्हणजे मदत नव्हे, कर्ज. तेही घाव जुना झाल्यावर. शिवाय तेव्हा सरकारची स्वतःची एअर इंडिया कर्जात बुडालेली होती. एका हाताने ती विकायची आणि दुसऱ्या हाताने खासगी कंपन्यांना पैसे द्यायचे, हे कोणत्याच अर्थमंत्र्याला जमलं नसतं.

माझ्या मते रोकड न देणं चूक नव्हती. चूक ही, की त्याची किंमत प्रवाशांनी आणि कामगारांनी गुपचूप भरली आणि ती कुठल्याही बजेटमध्ये दिसली नाही.

भाड्याला सरकारने वरची आणि खालची मर्यादा घातली होती ना? खालची कशाला?

घातली होती. २५ मे २०२० पासून उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट केले होते. मुंबई-दिल्ली किमान ३,५०० आणि कमाल १०,००० रुपये, आणि ४० टक्के जागा मधल्या आकड्याच्या, म्हणजे साधारण ६,७०० च्या खाली विकायच्या. वरची मर्यादा प्रवाशासाठी, हे सगळ्यांना पटायचं. खालच्या मर्यादेवर लोक चिडायचे: स्वस्त विकत असतील तर विकू द्या की.

खालची मर्यादा अशक्त कंपन्यांसाठी होती. ज्याच्याकडे रोकड जास्त, तो हजार रुपयांत तिकीट विकून बाकीच्यांना सहा महिन्यांत झोपवू शकला असता. ही व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ ला संपली. पण हत्यार एकदा काढलं की ते हाताशी राहतं. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवरून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा सरकारने पुन्हा कमाल भाडं ठरवलं, या वेळी अंतरावर: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि १,५०० च्या पुढे १८,००० रुपये.

माझ्या तिकिटाचे पैसे रोख न देता ‘क्रेडिट शेल’ दिलं. हे कायद्यात बसत होतं का?

सुरुवातीला कोणी विचारतच नव्हतं कायदा काय म्हणतो ते. कंपन्यांनी पैसे परत न करता तुमच्या नावावर जमा दाखवले: वर्षभरात कधीही प्रवास करा. म्हणजे तुम्ही न मागता कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलंत.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ ऑक्टोबर २०२० ला निकाल आला. लॉकडाऊनच्या काळात, म्हणजे २५ मार्च ते २४ मे दरम्यान, त्याच काळातल्या प्रवासासाठी बुक केलेली तिकिटं असतील तर पूर्ण पैसे लगेच परत. आधी बुक केलेल्या तिकिटांचे पैसे १५ दिवसांत. कंपनीची ऐपत नसेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंतचं क्रेडिट शेल. त्यावर जून २०२० पर्यंत महिना अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढ. हे शेल दुसऱ्याच्या नावावरही करता येत होतं आणि मुदतीत वापरलं नाही तर रोख द्यायचं होतं.

निकाल चांगला होता. अंमलबजावणीत मधल्या माणसाची गोची झाली. स्वस्त कंपन्यांची तिकिटं एजंट आधी पैसे भरून ठेवलेल्या वॉलेटमधून काढतो. परतावा आला तो त्या वॉलेटमध्ये, आणि तोही बरेचदा शेलच्या रूपात. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे तुला दिले, तूच परत कर. त्याचंही बरोबर. आमच्या धंद्यातल्या कित्येकांनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या खिशातून दिले. कित्येकांनी शटर ओढून फोन बंद केले. दोन्ही प्रकार ठाण्यात झाले, नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत.

मोठ्या ऑनलाइन कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये एका कंपनीवर काढलेल्या आदेशात दिसतं, की तिच्याकडे २०२१ मध्ये प्रवाशांचे सुमारे २६ कोटी अडकले होते आणि तीन वर्षांनंतरही अडीच कोटी द्यायचे बाकी होते.

सगळ्यात जास्त नोकऱ्या कोणाच्या गेल्या? पायलटच्या बातम्या तेवढ्या वाचल्या.

पायलटची बातमी होते, कारण पगार मोठा आणि गणवेश छान. खरा मार ग्राउंड हँडलिंगला बसला: बॅगा चढवणारे, शिडी लावणारे, विमान साफ करणारे, व्हीलचेअर ढकलणारे. सरकारी आकडे बघा. ३१ मार्च ते ३१ जुलै २०२० या चार महिन्यांत विमान कंपन्यांचे कर्मचारी ७४,८८७ वरून ६९,५८९ वर आले, म्हणजे सात टक्के घट. ग्राउंड हँडलिंगचे ३७,७२० वरून २९,२५४ वर. बावीस टक्क्यांच्या वर.

हे लोक राहतात कुठे? अंधेरी-कुर्ल्यात परवडत नाही, म्हणून कळवा, दिवा, ऐरोली, घणसोली. बहुतेक जण कंत्राटी, त्यामुळे ‘काढलं’ असं कुठे लिहिलंही गेलं नाही. नुसतं रोस्टरमध्ये नाव यायचं बंद झालं.

वरच्या पायऱ्यांवर काय झालं तेही सांगतो. इंडिगोने जुलै २०२० मध्ये दहा टक्के कर्मचारी कमी करत असल्याचं जाहीर केलं. एअर इंडियाने त्याच महिन्यात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेची योजना आणली. बाकीच्यांचे पगार कापले गेले.

यात केटरिंगवाले विसरले जातात. मे २०२० मध्ये देशांतर्गत विमानात खाणं बंद झालं, ऑगस्टअखेर पाकीटबंद खाण्याला परवानगी मिळाली, एप्रिल २०२१ मध्ये दोन तासांखालच्या प्रवासात पुन्हा बंद, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू. अशा उघडझापीत कुठली फ्लाइट किचन माणसं टिकवून ठेवणार?

वाशीच्या मार्केटमधले आंबावाले म्हणतात, विमानं बंद झाल्याने त्यांचं नुकसान झालं. आंब्याचा आणि इंडिगोचा काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि नवी मुंबईकराला हा नीट कळायला हवा.

जगातला हवाई माल साधारण निम्मा मालवाहू विमानांतून जातो आणि निम्मा तुमच्या-आमच्या सीटखालच्या पोटातून. दुबई किंवा लंडनच्या प्रवासी विमानात वर माणसं आणि खाली हापूसच्या पेट्या. प्रवासी विमानं थांबली की ती निम्मी जागा एका रात्रीत नाहीशी होते. मागणी मात्र वाढलेली: मास्क, पीपीई किट, औषधं. मग हवाई मालाचे दर दुपटीवर गेले. नाशवंत माल घेऊन बसलेल्या व्यापाऱ्याला त्या दराशी घासाघीस करता येत नाही. आंबा थांबत नाही.

अमेरिकेची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे आंबा पाठवायचा तर त्यावर विकिरण प्रक्रिया, म्हणजे कीड मारायला किरणांचा मारा, करावी लागते, आणि ती अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकासमोर. वाशीला कृषी पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे. २०२० आणि २०२१ मध्ये निरीक्षकच येऊ शकला नाही. त्यामुळे आधीच्या वर्षी हजार टनांच्या वर गेलेली निर्यात दोन हंगाम ठप्प झाली. २०२२ मध्ये नवा करार होऊन ती पुन्हा सुरू झाली. एका माणसाला विमानाने येता आलं नाही म्हणून देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराचं गिऱ्हाईक गेलं.

विमान कंपन्यांना मात्र मालानेच तारलं. २०१९ मध्ये जगभरातल्या कंपन्यांच्या उत्पन्नात मालवाहतुकीचा वाटा साधारण बारा टक्के होता, तो २०२० मध्ये एक तृतीयांशाच्या आसपास पोचला. आपल्याकडेही प्रवासी विमानांच्या सीटवर पेट्या बांधून नेल्या. १२ जानेवारी २०२१ ला पुण्याहून कोव्हिशील्डच्या पेट्या देशभर निघाल्या, त्याही नेहमीच्या कंपन्यांच्या विमानांतून.

माझे मेहुणे मर्चंट नेव्हीत आहेत, नेरुळला राहतात. ते जहाजावर अडकले होते. त्यात विमान कंपन्यांचा काही हात होता का?

हात नव्हता, पण विमान नसल्यानेच ते अडकले. नाविकाची ड्युटी संपते कुठल्या तरी परदेशी बंदरात. तो घरी येतो विमानाने आणि त्याच्या जागी दुसरा जातो तोही विमानाने. नेरुळ, सीवूड्स, बेलापूरच्या कित्येक घरांना हे चक्र पाठ आहे. विमानं आणि सीमा बंद झाल्यावर ते थांबलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाने २०२० च्या अखेरीस जगभरात चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवरच होते. नंतर शिपिंग कंपन्यांनी चार्टर विमानं घेऊन माणसं बदलली. तो खर्च जहाजभाड्यात गेला आणि शेवटी दुकानातल्या मालावर आला.

जेट एअरवेज कोरोनात बुडाली ना?

नाही. १७ एप्रिल २०१९ ला तिचं शेवटचं विमान उडालं, साथीच्या वर्षभर आधी. साथीने तिचं पुनरुज्जीवन मात्र अवघड केलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढायचा आदेश दिला.

मग साथीने कोणाला बुडवलं आणि कोणाला मोठं केलं?

परदेशात थायलंडची सरकारी थाई एअरवेज, दक्षिण अमेरिकेतल्या लातम आणि आव्हियांका, ऑस्ट्रेलियाची व्हर्जिन ऑस्ट्रेलिया, सगळ्या दिवाळखोरी संरक्षणाखाली गेल्या. बहुतेक पुन्हा उभ्या राहिल्या, पण कर्ज देणाऱ्यांचे पैसे कापून.

आपल्याकडे साथ चालू असताना कोणतीही मोठी कंपनी पडली नाही. पडझड नंतर झाली. गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिनं वेळेवर न मिळाल्याने निम्मी विमानं जमिनीवर आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते खरंच होतं, पण साथीने तिची गंगाजळी आधीच आटवली नसती तर तिने इंजिनांची वाट पाहिली असती. जानेवारी २०२५ मध्ये तीही मोडीत काढायचा आदेश झाला. एअर इंडिया १८,००० कोटींच्या बोलीवर टाटांकडे गेली आणि २७ जानेवारी २०२२ ला ताबा मिळाला. आणि याच पडझडीत आकासा या नव्या कंपनीने ७ ऑगस्ट २०२२ ला मुंबई-अहमदाबाद उडवून धंदा सुरू केला. कमी भाड्याची विमानं आणि रिकामे बसलेले पायलट, नव्या माणसाला यापेक्षा बरा मुहूर्त कुठला?

सगळ्यात मोठी झाली इंडिगो. मार्च २०२० अखेरीस तिच्याकडे सुमारे २०,००० कोटींची शिल्लक होती. त्यातले जवळपास ८,९०० कोटी मोकळे. पुढच्या दोन आर्थिक वर्षांत तिने मिळून जवळजवळ १२,००० कोटी गमावले आणि तरी उभी राहिली. २०१९ मध्ये सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टक्के प्रवासी तिचे होते, २०२५ मध्ये साठ टक्क्यांच्या वर. साथीत जिंकली ती रोकड. सेवा, वेळ, हसतमुख क्रू, या सगळ्याचा नंबर नंतरचा.

साथ संपली, मग तिकिटं स्वस्त का होत नाहीत?

चार कारणं आहेत, आणि चौथं कोणी सांगत नाही.

पहिलं, विमानंच कमी आहेत. २०२० मध्ये एअरबसने आपल्या ए३२० चं उत्पादन महिन्याला साठवरून चाळीसवर आणलं. इंजिनांचे भाग ओतणाऱ्या कारखान्यांनी कसबी कामगार घरी पाठवले, ते परत आलेच नाहीत. त्यातच प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत २०२३ मध्ये धातूचा दोष निघाला आणि इंडिगोची सत्तरच्या आसपास विमानं एका वेळी जमिनीवर बसली. मागणी पूर्ण, जागा अपुऱ्या.

दुसरं, डॉलर. २०२० च्या सुरुवातीला ७१-७२ रुपये होता, २०२५ च्या अखेरीस नव्वदीला टेकला. भाडं, सुटे भाग, मोठी दुरुस्ती, सगळं डॉलरमध्ये.

तिसरं, स्पर्धा. मुंबईहून कुठेही जायचं तर मुख्यतः दोन घराणी: इंडिगो आणि टाटा. इंधनावरचा करही आहेच. विमान इंधन जीएसटीच्या बाहेर आहे. महाराष्ट्राने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड जिल्ह्यासाठी तो कर २५ वरून १८ टक्के केला. तिकिटात तेवढा फरक तुम्हाला दिसला असेल तर मला कळवा.

चौथं, विमानतळांचं शुल्क. विमानतळाला त्याच्या गुंतवणुकीवर ठरलेला परतावा मिळावा असा नियामकाचा हिशेब असतो. एखाद्या काळात प्रवासी कमी आले आणि उत्पन्न घटलं, तर ती तूट पुढच्या पाच वर्षांच्या दरात धरून वसूल करता येते. म्हणजे २०२० मध्ये तुम्ही घरी बसलात, त्या न केलेल्या प्रवासाचा वाटासुद्धा नंतरच्या तिकिटातल्या ‘यूडीएफ’मध्ये, म्हणजे विमानतळाच्या प्रवासी शुल्कात, येऊ शकतो.

नवी मुंबई विमानतळ साथीमुळेच रखडलं का?

फक्त साथीमुळे नाही. भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला झालं, पण उलव्याची टेकडी कापणं, नदीचा प्रवाह वळवणं, दहा गावांचं पुनर्वसन, हे साथीच्या आधीपासून चालूच होतं आणि २०१९ ची पहिली मुदत त्यातच गेली होती.

साथीने मालक बदलला. काम मुंबई विमानतळ चालवणाऱ्या जीव्हीके कंपनीकडे होतं. कर्जाचं ओझं आधीचंच, त्यात मुंबई विमानतळाचे प्रवासी चौथाईवर आले. ऑगस्ट २०२० मध्ये अदानींनी करार केला आणि जुलै २०२१ मध्ये मुंबई विमानतळाचा ताबा घेतला. त्याबरोबर नवी मुंबईतला ७४ टक्के हिस्साही आला. सिडकोकडे २६ टक्के राहिले. मार्च २०२२ मध्ये स्टेट बँकेने १२,७७० कोटींच्या कर्जाची हमी घेतली, तेव्हा कुठे काम रुळावर आलं. याच काळात, जून २०२१ मध्ये, विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून भूमिपुत्रांनी आधी मानवी साखळी केली आणि मग बेलापूरला सिडकोवर मोर्चा नेला. कोरोनाचे निर्बंध असताना जमलेली ती गर्दी पाहिलेल्याला विमानतळ म्हणजे काय असतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, पहिली प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ ला. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी. सुरुवातीचा यूडीएफ देशांतर्गत निघणाऱ्या प्रवाशाला ६२० रुपये, तेव्हा मुंबईला १७५. नवं विमानतळ महाग पडतं ते असं.

ठाण्याहून कुठलं विमानतळ बरं?

घोडबंदर किंवा वागळे इस्टेटला राहत असाल तर मुंबई. कळवा, ऐरोलीपासून पुढे नवी मुंबई. पहाटेच्या विमानाला हा नियम मोडला तरी चालतो.

मुलगी केबिन क्रूचा कोर्स करायचा म्हणते. पुन्हा साथ आली तर?

भीती रास्त आहे, पण ती कोर्सच्या फीला लावा, नोकरीला नको. कंपन्या क्रूला स्वतः प्रशिक्षण देतात. बाहेरच्या वर्गांचा उपयोग इंग्रजी, वावर आणि मुलाखतीपुरता. त्यासाठी लाखांचं कर्ज काढू नका. पदवी पूर्ण करू द्या. २०२० मध्ये सावरल्या त्या मुलींपैकी बऱ्याच जणी पदवीच्या जोरावर ऐरोलीच्या आयटी पार्कात किंवा बँकेत लागल्या आणि २०२२ ला परत गणवेशात गेल्या. पायलटच्या प्रशिक्षणाचं गणित मात्र वेगळं. तिथे घर गहाण पडतं, आणि साथीत हप्ते थांबत नाहीत. ज्यांच्या घरात दुसरी भक्कम कमाई आहे त्यांनीच तो जुगार खेळावा.

पुढच्या वेळी माझे पैसे अडकू नयेत म्हणून काय करू?

लांबचं तिकीट क्रेडिट कार्डाने काढा. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे दाद मागता येते. बुकिंग करताना स्वतःचा मोबाइल आणि ईमेल द्या, एजंटचा नको (आम्हीच सांगतोय). प्रवास विम्यात ‘महासाथ’ वगळलेली आहे का ते वाचा, बरेचदा असते. आणि वर्षभर पुढची स्वस्त तिकिटं काढताना कंपनीची तब्येत बघा. गो फर्स्ट बंद पडली तेव्हा प्रवासी पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत बँकांच्या मागे उभे राहिले.

२०२० चं क्रेडिट शेल अजून पडून आहे. आता काही होईल?

होऊ शकतं. त्या निकालाप्रमाणे न वापरलेलं शेल ३१ मार्च २०२१ नंतर रोखीत द्यायचं होतं, त्यामुळे ‘मुदत संपली’ हे उत्तर मान्य करू नका. पीएनआर, पैसे भरल्याचा पुरावा आणि शेलचा ईमेल काढून ठेवा. आधी कंपनीला लेखी पत्र, मग विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी ‘एअरसेवा’ पोर्टल आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांची मुदत असते, उशीर माफ करायचा अर्ज सोबत जोडावा लागेल. तिकीट बंद पडलेल्या कंपनीचं असेल तर मात्र त्या कागदांची फाइल रद्दीत घाला.